तोंडी लावणं

आमच्याकडं ‘आज भाजी कुठली?’ असं कुणी विचारत नाही. ‘भाकरीला काय केलंयस?’ असं विचारतात. बार्शीला माहेरी हेच ऐकत वाढले आणि सोलापुरात सासरी तेवीस वर्षं हेच ऐकतेय. वांगं असो, पिठलं असो, शेंगाची चटणी असो, नाहीतर येसर घालून केलेली झणझणीत आमटी असो, त्या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, तोंडी लावणं. जेवण म्हणजे भाकरी. बाकी जे काही रांधायचं ते ती घशाखाली उतरावी म्हणून. आमच्या शेजारच्या पद्मशाली वैनी जिन्यात भेटल्या की ‘अन्नम तिन्नावा?’ विचारतात. जेवलीस का, एवढाच त्याचा अर्थ. पण तेलुगूत अन्नम म्हणजे शिजवलेला भात. त्यांच्या भाषेतही धान्य आणि जेवण यांत फरक उरलेला नाही.

हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याकडं कधी बघितलंच नव्हतं. बघायची वेळ यंदा मार्चअखेरीस आली. पतसंस्थेतल्या आम्हा सगळ्यांची तपासणी झाली आणि माझा एचबीएवनसीचा आकडा आला ६.१. तीन महिन्यांतली रक्तातल्या साखरेची सरासरी त्यावरून कळते. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि त्यापुढं मधुमेह, आणि मधला सगळा उंबरठा. मी उंबरठ्यावर होते. वजन एकसष्ट किलो. माझ्याकडं बघून कुणी जाड म्हणणार नाही, मीही स्वतःला कधी म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी वजनाकडं फारसं बघितलंच नाही, टेप घेऊन कंबर मोजली. मग विचारलं, दिवसाला भाकऱ्या किती?

‘पाच,’ मी सांगितलं. ‘पण ज्वारीच्या.’

हे ‘पण ज्वारीच्या’ मी केवढ्या भरवशानं म्हटलं होतं! का म्हणू नये? आमची ज्वारी मंगळवेढ्याची. ज्वारीचं कोठार म्हणतात त्या गावाला. मालदांडी, मोत्यासारखी, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं. २०२३ हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा इकडं प्रत्येक भाषणात ज्वारीची आरती झाली. डॉक्टरांनी ज्वारीला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणाले, ‘घरी जाऊन एका भाकरीचं पीठ तोला.’

तोललं. आमच्या घरची एक भाकरी पासष्ट ग्रॅम पिठाची निघाली. शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं साधारण सदुसष्ट-अडुसष्ट ग्रॅम. म्हणजे एका भाकरीत चव्वेचाळीस, पाचांत दोनशेवीस. रात्रीचा वाटीभर भात, तीन कप चहातली सहा चमचे साखर, आमटीतली डाळ, एखादं फळ धरलं की बेरीज तीनशेच्या घरात. काउंटरवर आठ तास बसून काम करणाऱ्या बाईच्या अंगात रोज तीनशे ग्रॅम. पुढं २०२५ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, इंडियाब पाहणीतून जे निष्कर्ष आले ते वाचले, तेव्हा कळलं की आपल्या देशात रोजच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचाच असतो. माझं ताट त्या सरासरीत अगदी चपखल बसत होतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी नुसती भरडधान्यं आणली आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही. ज्वारी चांगलीच आहे. तिच्यात चोथा आहे, लोह आहे, ती सावकाश पचते. पण पाच म्हणजे पाच.

कमी कर्बोदकांचा आहार ही काही मोबाइलवरच्या व्हिडिओंनी काढलेली टूम नाही. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या, अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा असलेल्या गृहस्थानं आपलं वजन कसं उतरलं ते एक पुस्तिका छापून सांगितलं. त्याच्या डॉक्टरनं त्याला पाव, साखर, बिअर, बटाटे सोडायला सांगितले होते. स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला अजूनही त्याच्याच नावावरून ‘बांता’ म्हणतात. पुढं १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी किटो आहाराची, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद आणि भर स्निग्धावर, अशी कल्पना मांडली गेली. मला त्यातली एकच गोष्ट आपली वाटली. बँटिंगच्या यादीतही पहिला नंबर त्याच्या भाकरीचाच होता.

मी ठरवलं, करायचं. पण पुड्यातलं काही आणायचं नाही. लेक पुण्याला शिकते, तिनं काळजीनं एक ‘किटो आटा’ पाठवला होता. पुड्याच्या पाठीवरची घटकांची यादी वाचायला चष्मा लागला आणि वाचल्यावरही अर्ध्या वस्तू कुठल्या झाडाच्या, कुठल्या जनावराच्या ते कळलं नाही. तो तसाच ठेवला. मंडईतून आणलेली वस्तू चुलीपर्यंत येताना ओळखू यावी, एवढाच माझा नियम. हा नियम निव्वळ भावनेचा नव्हता. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६०९ माणसं, पूर्ण एक वर्ष. निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. दोघांनाही सांगितलेलं एकच : भाज्या भरपूर खा, साखर-मैदा टाळा, अन्न मूळ रूपातलं घ्या. वर्षाअखेर एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पुढच्या वर्षी केविन हॉल या अमेरिकी संशोधकांच्या प्रयोगात दिसलं की कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न समोर असलं की माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खातात, तेही न कळत. तेव्हा भाकरी कमी करून तिच्या जागी पुडा आणण्यात काही अर्थ नव्हता.

पाडव्याचं श्रीखंड झालं आणि दुसऱ्या दिवसापासून मी भाकरी, भात, पोळी, साखर सगळं एकदम बंद केलं. डॉक्टरांनी निम्म्यावर आणायला सांगितलं होतं. मी माझ्या मनानं शून्यावर आणलं, आणि तेही चैत्रात. चैत्रातलं सोलापूर ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा बेचाळीसला टेकलेला, दुपारी रस्त्यावर कुत्रं नाही. चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. सहाव्या रात्री पोटऱ्यांत असे गोळे आले की उठून बसले आणि रडले. आठव्या दिवशी काउंटरवर नोटा मोजताना डोळ्यांपुढं अंधारी आली. वजनकाटा मात्र अडीच किलोनं खाली गेलेला, आणि मी त्या काट्याकडं बघून सगळं सोसत होते.

नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं. कर्बोदकं एकदम तोडली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन संपतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही निघून जातं. इन्शुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकायला लागतात. पहिल्या आठवड्यात उतरलेले ते अडीच किलो म्हणजे बहुतेक पाणीच होतं. इथल्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही घामानं आधीच जात असतं, त्यात मी ही दुसरी मोरी उघडली होती. मग दिवसातून दोनदा मीठ-जिरं घातलेलं तांब्याभर ताक, दुपारी एक भाकरी परत ताटात, आणि दोन दिवसांत पोटऱ्या शांत. तेव्हापासून मी दिवसाला शंभर ग्रॅम कर्बोदकांच्या अलीकडं-पलीकडं राहिले. त्यापेक्षा खाली जायची मला गरज नव्हती.

पण त्या शून्याच्या दिवसांत घरात एक गोष्ट घडून गेली, आणि माझ्यासाठी सगळ्या आहारापेक्षा ती मोठी आहे.

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं माहेर मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडं, पाऊस विसरून जातो त्या भागात. सकाळची भाकरी आमच्या घरी अजूनही त्याच थापतात. काठवटीत आदण ओतून पीठ मळताना त्यांना वास आला की कळतं, पीठ विरी गेलंय की ताजं आहे. तव्यावर टाकलेल्या भाकरीला पाणी फिरवताना बोटं भाजत कशी नाहीत, हे मला तेवीस वर्षांत उमगलेलं नाही. पहिल्या दिवशी मी ताटात अंड्याची भुर्जी, मेथी, दही, शेंगाची चटणी घेतली आणि भाकरी घेतली नाही. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

‘भाकरीबिगर जेवान असतंय व्हय गं?’

मी रिपोर्ट सांगितला, आकडे सांगितले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘मी जन्मभर चार-चार खाल्ल्या. मला न्हाई झाली साखर.’ मग थांबून, ‘माझ्या हातची भाकर कडू लागाय लागली का?’

यावर माझ्याकडं कुठलाच आकडा नव्हता. त्या रात्री त्यांनी बहात्तरचा दुष्काळ सांगितला. याआधीही सांगितला होता, पण तुकड्यातुकड्यानं, एखादी शिळी भाकरी मी गाईला घालायला निघाले की तेवढ्यापुरता. तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायच्या. तिथं सुकडी मिळायची. घरी अमेरिकेहून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी, चामड्यासारखी चिवट, लहान भावाच्या दातांना तुटायची नाही म्हणून आई ती पाण्यात भिजवून द्यायची. कोठाराच्या गावाशेजारी राहून तीन वर्षं पांढऱ्या ज्वारीचा दाणा बघितला नाही, असं त्या म्हणाल्या. ‘दामाजीपंतानं बादशाचं कोठार लोकास्नी मोकळं केलं ते कशापायी? भाकरीपायीच का न्हाई?’

मंगळवेढ्याच्या माणसाला दामाजी शेजारच्या घरातल्या माणसाइतका जवळचा असतो. त्यांच्या त्या बोलण्यात माझ्याशी वाद नव्हता. ताटात भाकरी असणं म्हणजे वाईट दिवस संपलेत, हे त्यांच्या अंगात तेरा वर्षांच्या असल्यापासून लिहिलेलं होतं, आणि मी भरल्या घरात बसून ते ताट रिकामं करत होते. त्यांना ते अशुभ वाटलं असणार. मला त्यांचं दुःख समजलं, आणि तरीही माझा आकडा ६.१ होता. दोन्ही खरं होतं.

त्यांना साखर का झाली नाही, याचं उत्तर मात्र त्यांच्याच बोलण्यात होतं. चार भाकऱ्या खाऊन त्या दिवसभर निंदायला, खुडायला, काढणीला वाकलेल्या असत. पाण्याला मैलभर चालणं वेगळंच. ती भाकरी त्या देहाची रोजची मजुरी होती. माझ्या वाट्याला भाकऱ्या तेवढ्याच आल्या, चालणं आलं नाही.

आणखीही एक धागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी भारतीय माणसाच्या या ‘दिसायला बारीक, आतून चरबी’ अशा ठेवणीचा आयुष्यभर माग काढला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा त्यांनी १९९० च्या दशकापासून पाठपुरावा केला. बाळ पोटात असताना आईला पुरेसं पोषण मिळालं नाही तर त्याची छाया बाळाच्या पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहावर कशी पडते, हा त्यांच्या कामाचा गाभा. माझी आईही त्याच दुष्काळात वाढलेली मुलगी. कंबर मोजणारा तो टेप आठवला की मला आता आईचं लग्नातलं हाडकुळं मनगट आठवतं.

आत्यांना मी याज्ञिक समजावून सांगत बसले नाही. दुपारची एक भाकरी परत सुरू केली ती पोटऱ्यांसाठी जेवढी, तेवढीच त्यांच्यासाठी. पण भाकरीची जागा बदलली. ती ताटाच्या मधून कडेला गेली. आणि मध्ये जी मोकळी जागा झाली तिच्यात काय वाढायचं, हा प्रश्न पडला तेव्हा ‘तोंडी लावणं’ म्हणून आम्ही ज्याला आयुष्यभर चिमटीत धरलं होतं ते सगळं मला पहिल्यांदा नीट दिसलं.

काय काय आहे आपल्याकडं! लक्ष्मी मंडईच्या बाहेर खेड्यांतून आलेल्या बाया गोणपाटावर पेंड्या मांडून बसतात. मेथी, शेपू, चुका, आंबाडी, तांदुळजा, राजगिरा. पावसाळ्यात घोळ आणि पाथरी. पाथरी तर भाजी करायचीही गरज नाही, धुऊन कच्चीच खायची, चवीला जराशी कडवट, कांद्याबरोबर अप्रतिम. पूर्वी एक पेंडी मेथी चौघांना पुरायची. आता मला एकटीला एक लागते. वाडगाभर शिजलेली मेथी, लसणाची फोडणी, वरून शेंगदाण्याचं कूट. आंबाडीत आम्ही ज्वारीच्या कण्या घालायचो, त्या जागी आता मूठभर तूरडाळ आणि कुटलेले दाणे. वांगी भाजून दह्यातलं भरीत. दोडक्याच्या शिरांचीसुद्धा चटणी. उन्हाळ्यात पालेभाजी महागली तेव्हा आत्यांनी माळ्यावरच्या डब्यातून वाळवलेली हरभऱ्याची भाजी काढली, हिवाळ्यात शेंडे खुडून सावलीत वाळवलेली. न विचारता काढली, हे मी लक्षात ठेवलंय.

आणि शेंगाची चटणी. बाहेर तिला सोलापुरी चटणी म्हणून विकतात, आम्हाला ती घरातलं मीठ असावं तशी. दाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं पाखडायची, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचं, दाण्याचं तेल सुटून चटणी बोटांना लागेपर्यंत. मिक्सरमध्ये तो ओलावा येत नाही, पूड होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, चाळीसहून जास्त ग्रॅम स्निग्ध, आणि कर्बोदकं अगदी बेताची. घट्ट दह्यात दोन चमचे ही चटणी, बाजूला काकडी आणि दोन उकडलेली अंडी, झाली माझी न्याहारी. सकाळी साडेआठला खाल्लं की दुपारी दीडपर्यंत पोटात कालवाकालव नाही. पूर्वी अकरा वाजले की काउंटरखाली बिस्किटाचा पुडा उघडायचा.

एक चूक सांगून ठेवते, बऱ्याच जणांची होत असणार. डाळीत प्रथिनं असतात म्हणून मी सुरुवातीला आमटी वाडग्यानं प्यायले. कोरड्या तूरडाळीत प्रथिनं वीस-बावीस टक्के, पण कर्बोदकं निम्म्याहून जास्त. हुलग्याचंही तसंच. सोडायचं काहीच नाही, फक्त तोलून घ्यायचं.

आषाढीला प्रश्न आला. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, एकादशी घरात कडक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याची खिचडी आणि वर बटाटा. मी दाण्याची आमटी, ताक, काकडी आणि दोन चमचे भगर घेतली. विठोबा रागावला नाही.

सगळ्यात अवघड संभाषण घरात नाही, काउंटरवर झालं. विड्या वळणारी एक बाई दर महिन्याला बचतीचे पैसे भरायला येते. तंबाखूनं तिच्या बोटांची टोकं तपकिरी झालेली. ‘बारीक झालाव की ओ मॅडम,’ म्हणाली. मी सांगितलं कशानं. तिची साखर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, दोन गोळ्या चालू. तिनं सरळ विचारलं, मग मी काय खाऊ? रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, गहू आणि तांदूळ. अंडं सात रुपयाला. मेथीची पेंडी कधी दहा, कधी तीस. दिवसाला हजार विड्या वळल्या की जे हातात येतं त्यात चौघांचं घर. माझ्या ताटातली प्रत्येक वस्तू तिच्या ताटातल्या भातापेक्षा महाग होती. पोट भरायचं सगळ्यात स्वस्त साधन आपल्या देशात कर्बोदकं हेच आहे आणि सरकारही तेच वाटतं. त्या रेशननं माणसं जगली आहेत, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्यात डाळ, दाणे, तेल नाही याचा मला राग आहे, आणि तो मी इथं लिहून ठेवते.

मी तिला म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार, मनानं काही करू नकोस. मग म्हटलं भात निम्मा कर, पुंटीकूर जास्त कर, रोज मूठभर भिजवलेले शेंगदाणे. पुंटीकूर म्हणजे आंबाडी, तेलुगू घरात ती असतेच. पुढच्या महिन्यात ती आली तेव्हा भात निम्मा केला होता, डॉक्टरांकडं गेली नव्हती, आणि दुपारी तीनच्या सुमाराला हात थरथरतात म्हणाली. माझ्या पोटात खड्डा पडला. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवणातली कर्बोदकं कमी केली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, इन्शुलिन घेणाऱ्यांची तर फारच. मी अर्धा दिवस रजा टाकून तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. गोळीचं प्रमाण बदलून मिळालं. तेव्हापासून कुणीही ‘काय केलंस?’ विचारलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे : गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, पोटात बाळ असेल, तर माझं ऐकू नका, डॉक्टरांचं ऐका.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तपासणी झाली. एचबीएवनसी ५.६, वजन साडेपंचावन्न, कंबर तीन इंच कमी. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, खाली आलं. पण एलडीएल, ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, ते ११८ वरून १४६ वर गेलेलं. लोणी आणि पनीर मी जरा सढळ हातानं घेत होते. ते कमी केलं, पुन्हा तपासायचं आहे. सहा महिन्यांवरून मी कुणाला काही छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्या देहाला हे मानवलं एवढंच.

स्निग्धाचा विचार करताना करडई आठवली. आमच्या लहानपणी घाण्यावरून करडईचं तेल यायचं, बार्शीला आणि मंगळवेढ्याला दोन्हीकडं. त्या तेलाचा वास मला अजून आठवतो. कोरडवाहू शेतीत ज्वारीबरोबर करडई, जवस, हरभरा असायचाच. काटेरी करडईचे तास कडेला पेरले की जनावरं पिकात शिरत नाहीत. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ सालचं, करडईवरचं काम इथंच चाललं आणि ‘भीमा’ नावाचा वाण इथूनच निघाला. मग १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, कालव्याखाली ऊस आला, साखर कारखाने उभे राहिले. आमच्या पाहुण्यांची घरं त्या उसानं उभी राहिली, पोरं शिकली. मी त्याला वाईट कशी म्हणेन? पण आत्यांच्या माहेरच्या ताटात जी चार तेलं, चार डाळी आणि चार पाले होते, त्यांतलं बरंचसं एका पिढीत गेलं. ताटात राहिलं ते धान्य, त्यात भर पडली ती साखर आणि डब्यातल्या तेलाची.

सप्टेंबर संपता संपता वाटेकऱ्याचा फोन आला होता, रब्बीच्या पेरणीचं विचारायला. दरवर्षी हे बोलणं माझ्या नवऱ्याशी होतं आणि दोन मिनिटांत संपतं, सगळी ज्वारीच टाका म्हणून. यंदा आत्यांनी फोन मागून घेतला. मी आत भाजी निवडत होते.

‘औंदा करडईचं तास चार जास्ती सोड,’ त्या सांगत होत्या. ‘अन् बांधाकडंनं जवस टाक दोन तास. व्हय, आमच्या घरात लागतंय.’

माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

नोव्हेंबरात करडईची विरळणी झाली. उपटलेली कोवळी रोपं वाटेकऱ्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून मंगळवेढा-सोलापूर एसटीनं पाठवली. अजून काटे धरले नव्हते, पानं मऊ लुसलुशीत, मुळाला काळी माती तशीच. आत्या संध्याकाळी चटईवर बसून निवडायला लागल्या. मी चुलीपाशी लसूण सोलत होते. निवडता निवडता एक पान त्यांनी तोंडात टाकलं, चावलं, मान हलवली. मग विचारलं,

‘भाकर किती टाकू तुझ्या भाजीला?’

‘एक,’ मी म्हटलं. ‘ल्हान.’

त्यांनी डब्यातून मूठभर पीठ काठवटीत घेतलं, त्यातलं चिमूटभर परत डब्यात टाकलं, आणि आदणाकडं बघत बसल्या.